बोगद्याची काठी

बर्कलच्या बोगद्याने जिचं सगळं आयुष्य खाल्लं, ती केझाया ऑर्गिल त्या बोगद्यात एकदाही गेली नव्हती. परगावच्या माणसाला हे खोटं वाटेल, पण कालव्यावरच्या घरांतून असंच असे. बोगद्यात पुरुष जात. बायका आणि घोडी डोंगरावरून जात.

आमच्या थॉर्नलीला येऊन कालवा डोंगराला टेकतो आणि पार पलीकडे होल्टनला बाहेर पडतो. मधला सगळा अंधार. होडी ओढणाऱ्या घोडीला आत चालायला कड नाही, म्हणून तोंडाशी आल्यावर घोडी सोडायची, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन फळ्या आडव्या टाकायच्या आणि दोघा पुरुषांनी त्यांच्यावर उताणं पडून दोन्ही अंगच्या भिंतींवर पावलं टाकत टाकत होडी पुढे रेटायची. याला ते ‘भिंत चालणं’ म्हणत. केझायाचा नवरा जेबझ आणि तिचा धाकटा भाऊ ॲबनर, अशी जोडी होती. जेबझचं कमरेखालचं अंग बैलासारखं आणि वरचं एखाद्या कारकुनासारखं होतं. ॲबनर म्हणायचा, “देवाने याला दोन माणसांच्या उरलेल्या तुकड्यांतून केलाय.” जेबझ म्हणायचा, “आणि तुला न उरलेल्या तुकड्यांतून, मेव्हण्या.”

ते आत शिरले की केझाया त्यांच्या डचेस घोडीचा लगाम धरून चढणीला लागे. डोंगराच्या माथ्यावर बोगद्याला श्वास घ्यायला खणलेली एक वाऱ्याची विहीर आहे. वर विटांचा गोल कठडा, खाली काळोख. तिथे ती थांबायची, कठड्यावरून वाकून हाक घालायची, “जेबझ, आहेस का रे?” आणि खालून, जणू पृथ्वीच्या पोटातूनच, जेबझ उपासनेतल्या एखाद्या गीताची ओळ म्हणायचा. गळा असा बेसूर की पाळकसाहेबांनी त्याला चर्चमध्ये हळूच म्हणायला सांगितलं होतं. पण विहिरीतून वर येताना तो आवाज गाळून निघाल्यासारखा गोड लागे. तो ऐकला की होडी अर्ध्यावर आली आणि सगळे धडधाकट आहेत असं समजायचं. डचेसलाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की हाक झाल्याशिवाय ती विहिरीपासून पाऊल उचलत नसे.

मग उतरण, आणि होल्टनच्या तोंडाशी एक बसका दगड. त्यावर बसून केझाया मोजे विणायची आणि काळोखाकडे बघायची. आधी मोहरीएवढा उजेड, मग दोन कंदील, एक खरा आणि एक पाण्यातला. इतकी वर्षं झाली तरी तो मोहरीएवढा उजेड दिसला की तिच्या तोंडून ‘प्रभू, तुझे उपकार’ असं निघायचंच. त्यात कधी खंड पडला नाही.

होल्टनलाच त्यांची लेटी होती. एका हिवाळ्यात कालवा गोठला, होडी होल्टनला अडकून पडली आणि घटसर्पाने तीन वर्षांची पोर गेली. तिला तिथल्या चर्चच्या आवारात भिंतीलगत ठेवलं. शेजारी एका माणसापुरती जागा होती. जेबझने ती पाळकसाहेबांकडून मागून घेतली. पुढे दर खेपेला होडी होल्टनला लागली की माल उतरायच्या आधी तो टोपी काढून पोरीला भेटून यायचा. येताना डोळे पुसलेले असायचे आणि तो उगाच डचेसवर ओरडायचा.

आता काठीचं सांगायला हवं. बोगदा एका होडीपुरता रुंद. दोन बाजूंनी दोघं शिरले तर मधे कपाळमोक्ष, आणि मागे वळायला जागा नाही. म्हणून ओकची एक हातभर लांब, जाड काठी होती. थॉर्नलीचा राखणदार ती होडीवाल्याच्या हाती द्यायचा, पलीकडे होल्टनचा राखणदार ती घ्यायचा आणि तिकडून येणाऱ्याला द्यायचा. ज्याच्या हाती काठी त्याचा बोगदा. काठी घेऊन तोंडापासून लांब जायचं नाही, आणि राखणदाराशिवाय कुणाच्या हाती ती द्यायची नाही, हे कालव्यावरची पोरं बोलायला लागायच्या आधी शिकत. फार पूर्वी एका होडीवाल्याने काठी कमरेला खोचून दारू प्यायला गाव गाठलं होतं आणि कुणीतरी ‘काठी बहुतेक येईल’ म्हणून तसंच आत शिरलं होतं. तीन माणसं गेली. त्यांची नावं अजून सांगतात.

बोगदा पडला तो ऑक्टोबरात. डोंगराखाली कोळशाची खाण कधीपासून पोखरत चालली होती. कमानीतून विटा सुटायच्या, पाणी झिरपायचं, आणि सगळे म्हणायचे, एवढं होतंच. त्या दिवशी जेबझची होडी होल्टनहून चुन्याचे दगड घेऊन थॉर्नलीला आली. होडीचं नाव ‘लार्क’, चंडोल पक्ष्यावरून. ती बाहेर पडली, केझायाने डचेसला जुंपलं, आणि आतून असा आवाज आला, जणू कुणीतरी बटाट्यांचं पोतं जिन्यावरून सोडून दिलं. मग तोंडातून एक लाट बाहेर आली, पिवळी, गढूळ, आणि होडीला हलवून गेली.

जेबझ काठी द्यायला राखणदाराच्या घरी गेला. म्हातारा राखणदार तापाने पडला होता. बायको म्हणाली, “तो बरा झाला की दे, आत्ता त्याला स्वतःचं नाव आठवत नाही.” तो बरा झाला नाहीच. आणि कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला नाही. काठी लार्कवर राहिली.

इथे जेबझची चूक झाली, आणि ती चूक कालव्यावरच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

वसंतात कंपनीचा एक कारकून आला. पोरगेलासा होता, सभ्य होता. त्याने सांगितलं की बोगदा काही दुरुस्त होत नाही. खालच्या अंगाचे, होड्या खालच्या पाण्यात उतरवायचे दरवाजेही सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणानंतर बंद होतील. ज्याला होडी बाहेर काढून दुसऱ्या कालव्यावर न्यायची असेल त्याने त्याआधी न्यावी.

जेबझने काठी पुढे केली. “मग ही?”

“ही काय?”

“काठी.”

“ते दिसतंय मला,” कारकून हसून म्हणाला. “ठेवा तुम्हालाच. चुलीत घाला.”

जेबझने काठी मागे घेतली. कारकून गेल्यावर त्याने ती मांडीवर आडवी धरली. मग म्हणाला, “केझी, ज्याला काठी कशाची ते ठाऊक नाही, त्याने बोगदा बंद झाला म्हणून सांगायचं आणि आपण ऐकायचं?”

ॲबनर तेव्हा होडीवरच होता. तो म्हणाला, “अरे, त्याला ठाऊक नसलं म्हणून डोंगर वर उचलला जाणार आहे का? चल, खालच्या अंगाने निघू. होड्यांना काम आहे तिकडे.”

“काठी घेऊन तोंडापासून हलायचं नसतं.”

“मग टाक ती पाण्यात!”

“पलीकडे कुणी पाळी धरून बसला असेल तर?”

“पलीकडे कोणी नाही रे बाबा! पलीकडे माती आहे!”

जेबझ म्हणाला, “माती उपसता येते.”

ॲबनर त्याच आठवड्यात खाणीत कामाला लागला, ज्या खाणीने डोंगर खाली बसवला त्याच खाणीत. जाताना बहिणीला म्हणाला, “केझी, तू तरी सांग त्याला. तुझं ऐकेल.” केझायाने सांगितलं का? सांगितलं, पण बाई अर्ध्या मनाने सांगते तसं. कारण खालच्या अंगाने बाहेर पडलं की लेटी राहिली किती दूर. थॉर्नलीहून ती निदान डोंगराच्या पलीकडे तरी होती. मायकेलमस आला आणि गेला. दरवाजांना साखळ्या पडल्या. लार्कला आता पुढे डोंगर आणि मागे साखळी. मधलं पाणी दर उन्हाळ्यात थोडं खाली उतरत गेलं.

ॲबनर सणासुदीला यायचा, तेव्हा जेबझ त्याच्याशी बोलत नसे. डचेसशी बोलायचा, आणि ते ॲबनरने ऐकावं अशा बेताने.

“डचेस, लोक कोळशाने तोंड काळं करून घेतात आणि वर आपल्याला शहाणपण शिकवतात.”

ॲबनरही डचेसलाच उत्तर द्यायचा, “डचेस, लोक काठी धरून बसतात आणि बायकोला दुसऱ्यांचे कपडे धुवायला लावतात.”

ते खरंच होतं. केझाया शेतवाड्यांवर धुणं घ्यायची. जेबझ कुंपणं छाटायचा, बांध घालायचा, मिळेल ते. पण दर सकाळी तो होडीचं पाणी उपसायचा, फटींत डांबर भरायचा, रंगवलेली गुलाबाची फुलं ओल्या फडक्याने पुसायचा. भिंत चालायच्या फळ्यांना तेल द्यायचा. काठी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे, पूर्वी राखणदाराच्या घरी असायची तशी.

केझाया दर रविवारी उपासनेला डोंगरावरून होल्टनला जायची. थॉर्नलीत चर्च नव्हतं असं नाही. पण पोर तिकडे होती. ती परत आली की जेबझ विचारायचा, “भिंत ढासळली नाही ना?”

“नाही.”

“गवत?”

“काढलं मी.”

एकदा तिने चहाची किटली खाली ठेवून सरळ म्हटलं, “तू ये ना माझ्याबरोबर. डचेसवर बसवून नेते. तुझे गुडघे दुखणार नाहीत.”

जेबझने असं बघितलं, जणू तिने त्याला झगा घालायला सांगितलं होतं. “डोंगरावरून घोडी जातात आणि बायका जातात.”

“आणि बाप?”

“बाप काठी घेऊन बोगद्यातून जातो, केझी. मी तिच्याकडे नेहमी पाण्यावरून गेलो. ती मला तसंच ओळखते.”

त्याला समजावणं म्हणजे आंधळ्यापुढे दिवा लावण्यापैकी होतं. पण रात्री प्रार्थनेत तो लेटीचं नाव घेताना अडखळायचा ते तिला ऐकू येत असे, आणि मग ती म्हणायची, “आमेन,” थोडं लवकरच.

अशी वर्षं गेली. लार्कचा तळ चिखलाला टेकला. होडी हलत नाही हे केझायाला एका सकाळी चहा ओतताना समजलं. चहा पेल्यात सरळ उभा राहिला. जन्मभरात तिच्या चहाला कधी सरळ उभं राहणं ठाऊक नव्हतं. तिने जेबझला सांगितलं नाही. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि त्यानेही तिला सांगितलं नाही. फळ्यांना तेल देणं मात्र चालू राहिलं.

त्या फेब्रुवारीत त्याच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी मान हलवली. तीन उशा पाठीशी देऊन तो होडीच्या इवल्याशा खोलीत बसला होता. त्या मोठाल्या पायांची मांडी घालायलाही आता त्याच्यात जोर नव्हता. तो म्हणाला, “केझी, बायबल दे.”

तिने दिलं. त्याने तिचा हात त्यावर ठेवला.

“मला लेटीच्या शेजारी नेशील.”

“नेईन.”

“पाण्यावरून.”

तिने दुसऱ्या हाताने त्याची उशी सारखी केली.

“होडीवाल्याला होडीतूनच नेतात. माझ्या बापाला नेलं, आजाला नेलं. गाडीतून कोळसा जातो. म्हण.”

“जेबझ, बोगदा...”

“काठी माझ्याकडे आहे. म्हण, पोरी.”

तिने म्हटलं, “पाण्यावरून नेईन.” त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी, ती खालच्या झऱ्यावरून पाणी घेऊन येईपर्यंत, तो गेला होता.

थॉर्नलीचे आणि होल्टनचे पाळकसाहेब एकच, मिस्टर विदरिज. ते आले, ॲबनरही आला. तिघं होडीत दाटीवाटीने बसली आणि जेबझ मधे.

ॲबनर म्हणाला, “मी खाणीतून गाडी मागून आणतो. डचेसला जुंपू. दुपारपर्यंत पलीकडे.”

“मी बायबलवर हात ठेवून पाण्यावरून म्हटलंय.”

विदरिजसाहेब भला माणूस. ते म्हणाले, “ऑर्गिलबाई, जे माणसाच्या हातात नाही त्याची शपथ देव धरून बसत नाही. तुम्ही प्रेमाने म्हणालात.”

“साहेब, ते माझ्या हातात नाही हे मला म्हणतानाच ठाऊक होतं. म्हणजे मी खोटीच शपथ घेतली. ती मोडली तरी पाप आणि पाळायला गेले तर तो इथे चिखलात राहणार, अनोळखी माणसांत. सांगा, देवाने यातलं कुठलं धरावं?”

साहेबांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“थॉर्नलीलाच ठेवू या मग,” ॲबनर हळूच म्हणाला. “निदान पाण्याच्या काठी.”

“आणि ती पोर? ती एकटी?” केझाया म्हणाली. “आण गाडी.”

गाडी कोळशाची होती. ॲबनरने ती घासून धुतली होती, तरी फटींत काळं राहिलंच. ते बघून केझायाने आपला चांगला पांढरा पलंगपोस तिच्यात अंथरला. काठी तिने शालीखाली कमरेला खोवली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. खिळ्याला टांगून एकटी ठेववली नसेल.

चढणीला डचेस हळू चालली. तीही म्हातारी झाली होती, आणि गाडी ओढायची तिला सवय नव्हती; तिने जन्मभर पाण्यावरचं ओझं ओढलेलं, जे एकदा सुटलं की आपलं आपण येतं. ॲबनर मागून रेटत होता. विदरिजसाहेब आधीच पुढे गेले होते. माथ्यावर वारा होता आणि गवत झोपलं होतं. वाऱ्याच्या विहिरीपाशी डचेस थांबली.

“चल गं,” ॲबनर म्हणाला.

डचेस हलली नाही. त्याने लगाम ओढला, पाठीवर थाप मारली, शिवी दिली आणि मग शवपेटीकडे बघून त्याबद्दल माफी मागितली. डचेसने कान विहिरीकडे वळवले होते.

“हिला काय झालं?”

“हाक घातली नाही अजून,” केझाया म्हणाली.

“कुणाला? तो इथे आहे, केझी! गाडीत!”

“तिला काय ठाऊक.”

केझाया कठड्यापाशी गेली. विटांवर शेवाळ चढलं होतं आणि कुणीतरी तोंडावर लोखंडी जाळी बसवली होती. तिने जाळीला तोंड लावलं. जन्मभर ती इथून खालच्या माणसाला हाक घालत आली होती, आणि आज तो माणूस तिच्या पाठीशी कोळशाच्या गाडीत होता, ज्या डोंगरावर त्याने कधी पाय ठेवला नव्हता त्या डोंगरावर. बायकांच्या आणि घोड्यांच्या वाटेने ती त्याला नेत होती. तो असता तर तोंड फिरवून बसला असता.

“जेबझ,” तिने हाक घातली, “आहेस का रे?”

खालून पाणी ठिबकण्याचा आवाज आला. डचेसने मान खाली घातली आणि चालायला लागली.

होल्टनच्या आवारात भिंतीलगत खड्डा तयार होता. जेबझला लेटीच्या शेजारी ठेवलं. विदरिजसाहेबांनी छोटी प्रार्थना केली, कारण पाऊस भुरभुरत होता. खड्डा खणणारा फावडं पुसत केझायाजवळ आला आणि बरं वाटावं म्हणून म्हणाला, “बरं झालं बाई, वेळेवर आणलंत. ही शेवटचीच जागा होती. आता या आवारात कुणालाच नाही. पुढच्यांनी आपापल्या गावी बघायचं.”

केझायाने मान हलवली. म्हणजे तिला थॉर्नली. हे तिने लगेच हिशेबात धरलं. बाजारात शेवटची वस्तू दुसऱ्याने उचलली की धरतो तसं.

ॲबनरला गाडी खाणीत परत करायची होती. त्याने बहिणीला जवळ घेतलं, जे त्याने लहानपणानंतर केलं नव्हतं, आणि म्हणाला, “माझ्याकडे ये राहायला. खोली आहे.”

“बघू.”

“बघू म्हणजे नाही.”

“म्हणजे बघू,” ती म्हणाली.

मग ती डचेसला घेऊन कालव्याच्या तोंडाशी उतरली. उतरायचं काही कारण नव्हतं. पाय गेले. बसका दगड जागेवर होता. पाणी हिरवं झालं होतं आणि कमानीला फळ्या ठोकल्या होत्या. ती बसली. विणायला काही आणलं नव्हतं, म्हणून हात नुसते मांडीवर. काळोखाकडे बघण्याची सोयच उरली नव्हती, फळ्यांकडे बघायचं.

होल्टनच्या राखणदाराच्या घरात आता खाणीतल्या एका माणसाचं कुटुंब होतं. त्याची बायको बादली घेऊन बाहेर आली, तरुण, पोटुशी, हात साबणाने लाल झालेले.

“घोडीला पाणी हवंय का, आजी?”

“दिलंस तर बरं होईल.”

तिने बादली ठेवली आणि केझायाच्या शालीखालून डोकावणाऱ्या काठीकडे बघितलं. “ही काय, म्हातारपणाची काठी? फारच आखूड आहे की.”

केझायाने काठी काढून हातात धरली. दाराच्या चौकटीशेजारी खिळा अजून होता. त्याला त्या पोरीने कांद्यांची माळ टांगली होती.

“राखणदाराला द्यायची होती,” केझाया म्हणाली.

“कोण राखणदार?”

केझायाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या लाल हातांकडे. “काही नाही गं. ओकची आहे. कपडे उकळताना ढवळायला घे. ओक पाण्यात लवकर कुजत नाही.”

“खरंच? माझी कालच मोडली!” पोरीला इतका आनंद झाला की तिने काठी लगेच झग्याला पुसली आणि आत नेली. आतून भांड्यात काठी फिरल्याचा खळखळ आवाज आला.

केझाया उठली. तिने डचेसला परतीच्या वाटेला लावलं. चढण आता गाडीशिवाय होती, तरी दोघींना जड गेली. माथ्यावर पोचेपर्यंत उजेड कमी झाला होता आणि खाली थॉर्नलीत दिवे लागत होते. लार्कवर कुणी लावायला नव्हतं.

विहिरीपाशी डचेस थांबली.

केझाया कठड्याकडे गेली नाही. ती घोडीच्या मानेशी उभी राहिली. तिला हाक घालता आली असती. सकाळी घातली होती. पण सकाळी निदान तो डोंगरावर होता. आता तो पलीकडे आहे हे तिच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि जो पोचला त्याला अर्ध्या वाटेवरून हाक घालत नाहीत.

डचेस कान टवकारून वाट पाहत राहिली. पाऊस वाढला. शेवटी केझायाने लगाम दोन्ही हातांत धरला, टाच मातीत रोवली आणि तिला ओढायला लागली.